बेगमीची खोली

शनिवारी सकाळी सातचा भोंगा वाजला तेव्हा नुहा आपल्या बोक्याच्या, सुमाकच्या, दाण्यांची पिशवी उलटी करून झटकत होती. भोंगा आधी अश्रफियाच्या टेकडीवर सुरू झाला, मग समोरच्या टेकडीनं तो उचलला, आणि पाहता पाहता सगळं अम्मान एका सुरात ओरडायला लागलं. आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुकान नाही, गाडी नाही, कोपऱ्यावरचा भाजीवाला नाही. किती दिवस, ते सरकारनं सांगितलेलं नाही आणि रोगाला विचारायची सोय नाही. पिशवीतले शेवटचे दाणे वाडग्यात पडले, पाठोपाठ थोडा भुसा पडला. नुहानं बोटानं ते पसरून पाहिले. पुरवून पुरवून दोन दिवस. भोंग्याला घाबरून फ्रिजमागे शिरलेला सुमाक दाण्यांच्या आवाजानं बाहेर आला, वाडग्याशी बसला आणि रोजच्यासारखा खायला लागला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. काल दोन तास आपण रांगेत उभे होतो ते पावासाठी, हे नुहाला आत्ता, भोंगा वाजल्यावर आठवलं.

अम्मानच्या माणसाला संकटाची चाहूल लागली की आधी पाव आठवतो. बर्फ पडणार असो, लढाई होणार असो, नाहीतर हा नवा आजार असो, माणसं घरातून निघतात ती थेट भट्टीकडे. नुहाही गेली. दोन तास उभी राहिली, पुढच्या बाईनं सहा पुडे घेतले म्हणून हिनं नऊ घेतले. येताना डॉक्टर राकानच्या जनावरांच्या दवाखान्यावरून आली. शटर अर्धं उघडं होतं, आत दिवा होता. हात भरलेले आहेत, पाव टाकून परत येऊ, असं ती मनाशी म्हणाली. घरी आल्यावर गुडघे बोलायला लागले, तिनं टीव्ही लावला, आणि टीव्हीपुढे बसलेलं माणूस उठतं कधी. आणि हे कुणाच्या हातून व्हावं? एकतीस वर्षं कन्याशाळेत गृहशास्त्र शिकवलेल्या बाईच्या. नववीला बेगमीचा धडा होता. कोणत्या महिन्यात काय वाळवायचं, काय खारवायचं, काय तेलात मुरवायचं. त्या धड्याचं पहिलं वाक्य ती मुलींकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची: घरातली तोंडं मोजा, मग बरण्या मोजा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. घरात तोंडं दोन होती आणि मास्तरीणबाईंनी एकच मोजलं होतं.

तसं सुमाकचं तोंड साधं असतं तर चार दिवस कशावरही निघाले असते. गल्लीतली मांजरं काय, पावाचा तुकडा दिला तरी खातात आणि वर भांडतात. हाही गल्लीतलाच. पाच वर्षांपूर्वी बर्फाच्या दिवसांत जिना चढून वर आला होता, मुठीएवढा, सुमाक नावाच्या आंबट मसाल्याच्या भुकटीसारखा तांबूस, आणि नुहाच्या चपलेत झोपला होता. लग्न न करता साठीला आलेल्या बाईला आता काय कुणाची सवय लागणार, असं ती सगळ्यांना सांगायची; महिन्याभरात त्याला ताप आला तेव्हा तिनं रजा टाकली. गेल्या वर्षी त्याच्या मूत्राशयात खडे झाले. डॉक्टर राकाननं बारीक नळी घालून वाट मोकळी केली आणि हे दाणे लावून दिले. जन्मभर हेच, मावशीला सांगावं तसं म्हणाला. मीठ अजिबात नाही. बोक्यांची वाट अरुंद असते, खाला, पुन्हा अडली तर दोन दिवस हातात असतात. हे वाक्य नुहाच्या डोक्यात वर्षभर फ्रिजच्या घरघरीसारखं चालू होतं. त्याची सवय झाली होती. आता भोंगा थांबल्यावर ते पुन्हा ऐकू आलं.

दोन दिवसांचे दाणे तिनं तीन दिवस पुरवले. रविवारी अंडं उकडून कुस्करलं. सुमाकनं ते हुंगलं आणि शाळातपासनीस मुलींच्या वह्यांकडे बघायचे तसं तिच्याकडे बघितलं. मसूर शिजवून दिले, तो वाडग्याला वळसा घालून गेला. सोमवारी संध्याकाळी वाडग्यात काही नव्हतं आणि तो वाडग्याशी बसून होता. ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तेव्हा नुहा उठून बेगमीच्या खोलीत गेली.

स्वयंपाकघराला लागून ती अंधारी खोली होती, तीन पावलं लांब, दोन पावलं रुंद. वर छतापर्यंत फळ्या. अक्रोड भरून तेलात बुडवलेली वांगी, हिरवे ऑलिव्ह, काळे ऑलिव्ह, द्राक्षाची पानं खारात, सलगम व्हिनेगरात, लिंबं मिठात, झातरच्या मसाल्याचे डबे, खाली मसुराचं आणि भरड्या गव्हाचं पोतं. वर्षभर भोंगे वाजत राहिले असते तरी नुहा मेली नसती. पण मुलींना शिकवताना जे कधी लक्षात आलं नाही ते आता बरण्यांसमोर उभं राहून तिच्या लक्षात आलं. बेगमी म्हणजे मीठ. माणूस जे जे टिकवतो ते मिठात टिकवतो, आणि ज्याला मीठ चालत नाही त्याच्यासाठी या घरात काहीही टिकवलेलं नाही. खोलीचं दार नेहमीप्रमाणे उघडं होतं. त्या दाराला कडी नव्हती. हा मजला भाड्यानं घेतला तेव्हा होती. नुहानं पहिल्याच दिवशी सुतार बोलावून काढून घेतली होती आणि दार मिटू नये म्हणून खाली पाचर बसवून घेतली होती. घरमालकाला वाटलं, म्हातारपणी अडकून पडायची भीती असेल. तेव्हा ती पस्तिशीची होती.

कोपऱ्यात जमीदचे गोळे होते. करकहून मावसभाऊ दरवर्षी पाठवतो, शेळीच्या दह्याचे, दगडासारखे वाळवलेले. दही ते दही, तिनं विचार केला. मीठ असतं, पण ते पाण्यात उतरतं. एक गोळा फोडला, रात्रभर भिजवला, ते पाणी फेकलं, दुसऱ्या पाण्यात भिजवला, तेही फेकलं. मंगळवारी पहाटे कुस्करून बोटानं चाखला. काही खारट नव्हतं. गोडसरच लागला. वाडग्यात ठेवल्याबरोबर सुमाक तुटून पडला, वाडगं चाटून पुसून मोकळं केलं आणि तिच्या पायाला अंग घासलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा नुहानं बसून चहा प्यायला. जमीदवर साठ वर्षं वाढलेल्या जिभेला मीठ कळत नाही, हे तिच्या ध्यानात आलं ते नऊ वाजता. तोवर सुमाक वाळूच्या डब्यात तिसऱ्यांदा जाऊन बसला होता, पाठीची कमान करून, शेपूट ताठ. डब्यात काही नव्हतं. चौथ्यांदा बसला तेव्हा त्यानं एक आवाज काढला. तो मांजराचा नव्हता, कुणाचाच नव्हता.

"किती दिलंत, खाला?" डॉक्टर राकान फोनवर म्हणाला. मागे त्याचं तान्हं मूल रडत होतं.

"अर्धा गोळा. दोन पाण्यांतून काढलेला."

"दोन पाण्यांनी जमीदचं मीठ जातं?" मग तो मऊ आवाजात म्हणाला, "एका वेळच्या मिठानं एवढ्यात खडे होत नाहीत. दुसरंही असू शकतं. शनिवारपासून मला अकरा फोन आलेत, सगळे बोके. भोंग्यानं घाबरतात आणि धरून ठेवतात. पोट चाचपून बघा. संत्र्यासारखं लागतंय?"

"लिंबाएवढं."

"मग वेळ आहे. कोंबडी उकडा, मीठ नको, ते पाणी भरपूर पाजा. आणि त्याला एका लहान खोलीत कोंडा. नुसतं पाणी आणि जमिनीवर वर्तमानपत्र. दार बंद. घरभर फिरला तर कुठे झाली, झाली की नाही, कळणार नाही. उद्या सकाळपर्यंत कोरडंच राहिलं तर मी परवान्यासाठी खटपट करतो. मिळेल की नाही, देव जाणे."

लहान खोली एकच होती. नुहा फोन धरून तिच्या दारात उभी राहिली. कोंडा, म्हणे. सत्तर सालच्या सप्टेंबरात ती बारा वर्षांची होती आणि अश्रफियातल्या त्यांच्या घरी अशीच एक खोली होती, बेगमीची, जाड दाराची, बाहेरून लोखंडी कडी असलेली. फुल्ला नावाची पांढरी मांजर होती. शहरात लष्कर आणि पॅलेस्टिनी लढवय्यांचा गोळीबार सुरू झाला त्या दुपारी बाप म्हणाला, दोन गल्ल्या खाली काकाच्या तळघरात जायचं, लगेच, आहात तसे चला. आई पोरांना मोजत होती. नुहानं फुल्लाला उचललं आणि बेगमीच्या खोलीत टाकलं, कारण त्या खोलीच्या भिंती सगळ्यांत जाड होत्या, आणि कडी लावली. संध्याकाळी परत येऊ, असं सगळेच म्हणत होते. परत आले अकराव्या दिवशी. तळघरात तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाप गेला असता, आणि गेला असता तर कदाचित आला नसता. हे बारा वर्षांच्या मुलीला कळत होतं, म्हणून ती अकरा दिवस गप्प राहिली, आणि कडीचा तो आवाज तोंडात धरून पाव गिळत राहिली. घरी आल्यावर आईनं तिला गच्चीवर काचा झाडायला पाठवलं. ती खाली उतरली तेव्हा खोली धुतलेली होती. फरशी ओली, दार सताड, आणि धुऊनही न गेलेला एक वास. "गेली तुझी मांजर खिडकीतून," आई पाठमोरीच म्हणाली. त्या खोलीला खिडकी नव्हती. नुहानं पुन्हा कधी विचारलं नाही. आई गेली, बाप गेला, घर पाडून तिथे चार मजले उठले, आणि ती पुढे एकतीस वर्षं पोरींना बेगमी शिकवत राहिली.

कोंबडी हवी होती. तिच्याकडे नव्हती, आणि इमारतीत जिथे ती असेल अशी एकच जागा होती, तळमजला. तिथे अबू हाबिस राहायचा, लष्करातल्या रुग्णवाहिकेचा निवृत्त ड्रायव्हर, आणि त्याच्याशी नुहाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण घडलं होतं ते असं: सुमाक तरुण होता, अबू हाबिसच्या जुन्या मर्सिडीजचं कव्हर उन्हात गरम व्हायचं, आणि सुमाकला ती गाडी आपली वाटायची. आपलेपणाची खूण तो रोज करायचा. गाडीला दोन उन्हाळे वास आला. शेवटी नुहानं ईदच्या दिवशी खजूर भरलेली माअमूलची बिस्किटं करून ताटली भरून खाली पाठवली, वर रुमाल घालून. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली. स्वच्छ घासलेली आणि रिकामी. आपल्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत जात नाही. घरात काही नसेल तर मूठभर साखर ठेवतात, पुदिन्याची काडी ठेवतात. रिकामी ताटली म्हणजे तोंडावर लावलेलं दार. नुहानं ती निळ्या काठाची ताटली बेगमीच्या खोलीत सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली आणि त्यानंतर जिन्यात अबू हाबिस दिसला की ती पायऱ्या मोजायला लागायची.

आता ती त्या पायऱ्या उतरली. खालच्या रस्त्यावर पालिकेच्या बसमधून पाव वाटत होते, माणसं खिडक्यांतून एकमेकांना ओरडून सांगत होती. तिच्या फ्रिजवर आठ पुडे अजून तसेच होते. दार वाजवताना तिनं मनात तीन वाक्यं ठरवली होती.

दार उघडलं. अबू हाबिसनं हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढला. "मास्तरीणबाई. भूकंप झाला की काय?"

"माझ्याकडे पाव आहे," नुहा म्हणाली. ठरवलेल्या तिन्हींतलं हे वाक्य नव्हतं.

"मला पाव हवाच आहे. त्या गर्दीत या वयात कोण घुसणार? पण तुम्ही दोन वर्षांनी पाव द्यायला आला नाहीत."

"तुमच्याकडे कोंबडी आहे?"

"पाच आहेत. आमची ही, उम्म हाबिस, इर्बिदला लेकीकडे गेली आणि तिकडेच अडकली. जाताना फ्रीजर भरून गेली, माझी बेगमी म्हणे. मी चार दिवस डब्यातला मासा खातोय. कोंबडीला कुठल्या बाजूनं आच लावायची ते मला ठाऊक नाही."

"मी शिजवते. तुम्हाला भाताबरोबर देते. पण पाणी मला हवंय, बिनमिठाचं. मांजरासाठी."

"त्या मांजरासाठी?"

"त्याला लघवी होत नाहीये, अबू हाबिस."

"माझ्या गाडीवर तर धो धो व्हायची," तो म्हणाला. पण म्हणता म्हणता वळून आत गेला, आणि फ्रीजरचं दार आपटल्याचा आवाज आला. दगडासारखी कोंबडी पिशवीत घालून त्यानं ती हात लांब करून, अंतर राखून तिच्यापुढे धरली. "आमच्या पलटणीत एक पोरगा होता, अजलूनचा," तो म्हणाला. "पहिल्यांदा तोफ ऐकली आणि दोन दिवस थेंब नाही. पोट हे एवढं. सार्जंट समोर उभा राहून ओरडायचा, कर, कर. अशी होते का?"

"मग?"

"मग काय, आम्ही सगळे पाठ करून चहा पीत बसलो." त्यानं पिशवी तिच्या हातात सोडली. "तुम्ही त्याच्याकडे टक लावून बसत असाल. शाळेची सवय."

बारा वाजता कोंबडी शिजली. सुमाकनं वाटीभर पाणी प्यायलं, दोन घास खाल्ले आणि पुन्हा डब्यात जाऊन बसला; काही नाही. नुहानं भात केला, वर कोंबडी घातली, आणि ताटली घ्यायला हात वर केला तेव्हा तो त्या वरच्या फळीवरच गेला. द्यायचं तर यातच, तिनं ठरवलं. निळ्या काठाची ताटली भरून, बाजूला पावाचे दोन पुडे, असं सगळं खालच्या दारात ठेवून ती वर आली. मग तिनं वर्तमानपत्र अंथरलं, पाण्याचं भांडं ठेवलं, सुमाकला उचलून बेगमीच्या खोलीत नेलं आणि दाराची पाचर काढली. आता ते दार बंद करायचं होतं. तिनं हात लावला आणि हात तिथेच राहिला. दार दोन बोटं सरकलं की आतला उजेड दोन बोटं कमी व्हायचा, आणि सुमाक मान वर करून बघायचा, नुसताच. तिला वाटलं, फुल्लानंही असंच बघितलं असेल. ओरडली असेल का? किती दिवस? पाण्याचा रांजण होता आत, त्याचं झाकण लाकडी होतं. मांजरीला झाकण सरकवता येतं का? गेली पन्नास वर्षं हा एकच हिशेब नुहा कधी न कधी करत आली होती, भाजी चिरताना, उत्तरपत्रिका तपासताना, आणि तो कधीच सुटला नव्हता. शेवटी ती स्वतःच आत गेली, मसुराच्या पोत्याला टेकून बसली आणि दारात पाऊल घालून ठेवलं. दार ना उघडं ना बंद. डॉक्टरचं ऐकल्यासारखंही झालं. सुमाक तिच्यापासून हातभर अंतरावर वर्तमानपत्रावर बसला. ती त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत होता.

तिथे बसूनच तिनं जर्काला बहिणीला, विदादला, फोन लावला. विदाद सात वर्षांनी मोठी, घरातली एवढीच उरलेली. रोज फोन होतो. आज कोण खोकलं, कुणाचा जावई कुठे अडकला, हे बोलून होतं.

"विदाद, आपल्या अश्रफियाच्या घरी बेगमीच्या खोलीला खिडकी होती का?"

"आजार डोक्यात गेला की काय तुझ्या?"

"होती का?"

"खिडकी कुठली? भिंती कसल्या होत्या." विदादनं चहाचा घोट घेतलेला ऐकू आला. "का गं?"

नुहानं सांगितलं. सगळं सांगितलं, कडी, तळघर, ओली फरशी. सांगताना तिचा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा झाला होता हे तिला ऐकू येत होतं, पण सावरता येत नव्हतं. "मी मारली तिला, विदाद. मी स्वतः कडी लावली."

पलीकडून एक विचित्र आवाज यायला लागला. नुहाला वाटलं, विदाद रडतेय. विदाद हसत होती.

"अगं वेडे," ती म्हणाली, "तिनं चरबीतलं मटण खाल्लं. अख्खा माठ. आईनं ऑगस्टात दोन बकऱ्यांचं केलं होतं, वर्षाचं. तू गच्चीवर काचा झाडत होतीस. आईनं दार उघडलं तर ही बया माठ पाडून त्यात बसलेली, डुकरासारखी फुगलेली, आणि फरशीभर चरबी आणि तिची घाण. आई मटकन खाली बसली. अकरा दिवसांत बाई रडली नव्हती, त्या माठापाशी रडली. मग तिला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि मला म्हणाली, जा, नज्जालच्या टेकडीवरच्या भट्टीवालीला देऊन ये, ही माझ्या डोळ्यांसमोर नको. मी पोचवून आले, बोचकारे घेऊन. चांगली आठ-नऊ वर्षं होती तिथे. पाव खाऊन भट्टीच्या तोंडाएवढी झाली होती."

"मला का नाही सांगितलंत?"

"आईनं शपथ घातली होती. पोरीला कळलं तर उचलून आणेल, म्हणाली. मग माझं लग्न झालं, विसरले. मांजराचं कोण लक्षात ठेवतं? आणि तू कधी विचारलंस?"

"नाही," नुहा म्हणाली. "मी नाही विचारलं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंही नाही. दोन बकऱ्यांचं मटण. जिच्यासाठी पन्नास वर्षं एकेक कडी काढून टाकली ती अभ्र्यातून दिमाखात गेली, विदादला बोचकारून. आई, तू तरी एकदा म्हणायचंस. पण आईला वाटलं असेल, खिडकीतून गेली म्हटल्यावर पोरीचं समाधान झालं. आईनं घर मोजलं होतं, पाव मोजला होता, पोरं मोजली होती, खोलीच्या खिडक्या मोजायला तिला कुठे सवड होती. नुहानं डोकं पोत्यावर टेकलं. शनिवारपासून ती नीट झोपली नव्हती. पाऊल दारातून कधी मागे आलं ते तिला कळलं नाही.

जागी झाली ती तिसऱ्या प्रहरच्या अजानच्या आवाजानं. दार पूर्ण उघडं होतं आणि वर्तमानपत्र कोरडं होतं. सुमाक नव्हता. तिनं पलंगाखाली पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं, डबा पाहिला. स्वयंपाकघराच्या गॅलरीचं दार वाफ जावी म्हणून तिनंच उघडं ठेवलं होतं, आणि गॅलरीतून खालच्या भिंतीवर, भिंतीवरून अंगणात, हा त्याचा तरुणपणीचा रस्ता होता. आजारी जनावर मरायला आडोसा शोधतं हेही तिला त्याच वेळी आठवलं. आणि खालून हाक आली.

"मास्तरीणबाई. खाली या."

आवाजावरून काही कळत नव्हतं. त्याचा आवाज असाच, माणूस मेल्याचं आणि टायर पंक्चर झाल्याचं एकाच सुरात सांगणारा. नुहा चप्पल न घालताच जिना उतरली. अबू हाबिस अंगणात गाडीपाशी उभा होता, पायजम्यात, मास्क हनुवटीवर, आणि गाडीकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे बघत होता. हातात चहाचा ग्लास होता.

"बघा," तो न वळता म्हणाला. "माझी हिंमत नाही."

मर्सिडीजच्या करड्या कव्हरवर, बॉनेटच्या बरोबर मध्ये, हातभर रुंद काळा डाग पसरला होता, आणि त्यातून एक ओघळ चाकापर्यंत गेला होता. ओघळ अजून टपकत होता. गाडीच्या टपावर उन्हात सुमाक मागचा पाय वर करून स्वतःला चाटत बसला होता, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

नुहाचा जीव भांड्यात पडला. ती गाडीच्या चाकापाशी तशीच अनवाणी बसली.

"दोनदा," अबू हाबिस म्हणाला. आता तो वळला होता. "मी खिडकीतून बघत होतो. चढला, जागा हुंगली, जुनी जागा शोधून काढली हरामखोरानं. मी झाडू घेऊन निघालो होतो, सवयीनं. मग आठवलं. झाडू खाली ठेवला, पाठ केली, चहा केला. दुसऱ्यांदा केली तेव्हा आवाज आतपर्यंत आला." त्यानं वाकून डागाचा वास घेतला आणि मान डोलावली. "तोच आहे. दोन वर्षांत फरक नाही."

"मी कव्हर धुऊन देते."

"राहू दे. कुठे जायचंय मला गाडी घेऊन?" तो आत गेला आणि निळ्या काठाची ताटली घेऊन बाहेर आला. वर रुमाल होता. ताटली त्यानं गाडीच्या मागच्या बाजूला, कोरड्या कोपऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. "त्या वेळी रिकामी पाठवली होती ती मी मुद्दाम," तो म्हणाला. "उम्म हाबिस आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी. आता म्हटलं काय ठेवू, मला काही करता येत नाही. मग उरलेल्या चार कोंबड्यांचं पोट उघडून बघितलं."

नुहानं रुमाल उचलला. चार काळीजं होती, ओली, चकचकीत, शेजारी शेजारी मांडलेली.

"धुतलीत," अबू हाबिस म्हणाला. "मीठ लावलेलं नाही."

ती जिना चढली तेव्हा सुमाक दोन पायऱ्या पुढे होता, मधेच थांबून ताटलीकडे बघत होता. उद्या दुपारनंतर काय घालायचं हे तिला माहीत नव्हतं, पण आजचं होतं आणि उद्या सकाळचंही होतं. वर आल्यावर डॉक्टर राकानला कळवायला हवं होतं, विदादला सांगायला हवं होतं. आधी तिनं तवा ठेवला. सुमाक तेवढ्यात बेगमीच्या खोलीकडे वळला, वांग्याच्या बरणीच्या वासानं. "तिकडे नाही," ती म्हणाली, त्याला पायानंच बाहेर काढलं आणि दोन्ही हातांत ताटली असल्यामुळे दार टाचेनं लोटून दिलं. काळीजं तव्यावर टाकली, उलटली, थंड व्हायला ठेवली. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की मागचं, बेगमीच्या खोलीचं दार बंद झालंय. तिनं एका काळजाचे बारीक तुकडे केले आणि वाडग्यात घातले.